मागच्या खोलीतलं दुसरं नाव

२ फेब्रुवारी, रविवार

सकाळी गिरणीवर गर्दी असताना भगीरथचा फोन आला. शहापूरला त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. आमचे हे असताना दोन-तीनदा घरी येऊन गेलाय.

"काकू, धसईला अभ्यासिका काढतायत. कुणालीताई म्हणाल्या, काकांचं मशीन द्यायचंय. चालेल ना?"

मी म्हटलं, चालेल.

"मग त्याचं कॉन्फिगरेशन सांगा."

"काय?"

"म्हणजे आत काय काय आहे ते. प्रोसेसर कुठला, मेमरी किती, डिस्क केवढी. तिथल्या लोकांना आधी कळवायचंय."

बघून सांगते म्हटलं. मागे ज्वारीचा डबा घेऊन माणूस उभा होता.

मशीन द्यायचं हे कुणालीने परस्पर ठरवलं. माझी एकुलती एक मुलगी, नाशिकला दिलेली. तिचं सगळं ठरलंय. पाडव्यापर्यंत मागची खोली रिकामी करायची, गिरणी कोणालातरी चालवायला द्यायची आणि मी तिच्याकडे राहायला जायचं. मी हो म्हटलेलं नाही. नाही पण म्हटलेलं नाही. हे जाऊन आठ आठवडे झाले.

४ फेब्रुवारी, मंगळवार

दुपारी गिरणी बंद केल्यावर मागच्या खोलीत गेले. डिसेंबरपासून फक्त केर काढायला जात होते.

गिरणीच्या मोटारीवर पत्र्याची पट्टी असते. किती एचपी, किती व्होल्ट, नंबर काय, सगळं कोरलेलं. तशी पट्टी शोधली. डबा पुढून, मागून, खालून पाहिला. मागे धूळ आणि एक कागद, त्यावर नुसते आडवे-उभे काळे पट्टे. पट्टी नाही. आत काय आहे हे बाहेरून कळू न देणारं मशीन मी पहिल्यांदा पाहिलं.

चालू केलं. आपोआप उघडलं. जांभळा पडदा, डाव्या बाजूला चित्रं. काय करायचं ते कळलं नाही. पाच मिनिटं नुसती बघत बसले तर पडदा काळा झाला आणि पासवर्ड मागायला लागला. भिंतीवरचं बटण बंद करून आले.

५ फेब्रुवारी, बुधवार

अकरा वाजता कुणालीचा फोन. आज भाजी काय केलीस. डोकं दुखतं का. मी म्हटलं, गिरणी चालू आहे. तरी ठेवेना. "नुसता चालू ठेव फोन, मी बोलत नाही," म्हणाली. असं कसं? ठेवला.

लहान मुलावर ठेवावी तशी पाळत ठेवते माझ्यावर.

९ फेब्रुवारी, रविवार

भगीरथने फोनवरून एकेक पायरी सांगितली. वरच्या उजव्या कोपऱ्यात दाबा. दात्यांच्या चाकाचं चित्र दिसतंय? ते सेटिंग्ज. डावीकडची यादी पार खाली न्या. सगळ्यात शेवटी 'अबाउट'.

आणि तिथे होती पट्टी! मेमरी तीन पॉइंट सात. प्रोसेसर इंटेलचा, आय थ्री. डिस्क पाचशे. ग्राफिक्सच्या पुढे लांबलचक काहीतरी, ते अक्षर अक्षर लिहून घेतलं. मला एवढा आनंद का झाला माहीत नाही.

भगीरथ म्हणाला, "हे विंडोज नाय काकू, लिनक्स आहे. काका म्हणायचे, जुन्या मशीनला हेच हलकं पडतं. मेमरी चारची दिसतेय, आठची करावी लागेल. मेमरी बसवायची एक खाच रिकामी आहे का बघायला पायजे. काळी खिडकी उघडा."

काळी खिडकी म्हणजे नुसत्या अक्षरांनी हुकूम देण्याची जागा. एक हुकूम चालला, एल एस सी पी यू. प्रोसेसरची सगळी कुंडली धडाधड खाली आली. खाचांसाठीच्या हुकमाला मात्र पासवर्ड हवा होता.

"काकांचा पासवर्ड काय?"

"मला माहीत नाही."

"काय असू शकेल?"

सत्तावीस वर्षांचा संसार. मी कुणालीचं नाव सांगितलं, तिची जन्मतारीख सांगितली, आमच्या गावाचं नाव सांगितलं. दर वेळी, चूक आहे, पुन्हा प्रयत्न करा. माझं नाव टाकून बघू का असं तो म्हणाला नाही, मीही म्हटलं नाही.

१०, सोमवार

हुकूम गेला खड्ड्यात. वायर काढली, स्क्रूड्रायव्हर घेतला, डब्याची बाजू खोलली. आत हिरवी पाटी आणि धुळीचा थर. दोन लांब खाचा, एकीत पट्टी बसवलेली, दुसरी रिकामी. भगीरथला फोन करून सांगितलं तर म्हणाला, "काकू, तुमी माझ्या दुकानात या कामाला."

पुष्कळ दिवसांनी हसले. मग धूळ ब्रशने काढली. ह्यांनी कधी आतून साफ केलेलं नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भगीरथला हवी होती ती माहिती देऊन झाली. पुढच्या महिन्यात घेऊन जाणार. तोवर मशीनशी माझं काही काम नाही.

कुणालीचा फोन. "जावयांना दे, दोन शब्द बोलते," म्हटलं तर, "बाहेर गेलेत." ह्यांच्या दहाव्यालासुद्धा ते सकाळी आले आणि दुपारी गेले. ऑफिसची माणसं, त्यांना रजा मिळत नाही.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

काम नसताना संध्याकाळी मागच्या खोलीत बसते आहे. चार दिवस झाले. सेटिंग्जमध्ये एकेक नाव उघडून बघते. आवाज. उंदराचा वेग. पडद्याचा उजेड. ह्यांनी आवाज अगदी शेवटच्या रेघेवर आणून ठेवलाय. इथे बसून काय ऐकायचे कोण जाणे, बाहेर कधी ऐकू आलं नाही.

आज एक लिहून टाकते. कोणी वाचणार नाही.

हे सत्तावीस वर्षं कल्याणच्या छापखान्यात होते. सकाळी पावणेसहाला घर सोडायचे, रात्री नऊला परत. तोवर कुणाली झोपलेली. गिरणी मी टाकली, पट्टा तुटला तर मी बसवला, कुणालीचं दहावीपर्यंत मी पाहिलं. मग दोन हजार तेवीसच्या मे महिन्यात हे कामावरून मोकळे झाले आणि घरात आले. चोवीस तास. मला त्यांच्याशी काय बोलायचं ते समजेना. मागच्या खोलीतून हाक यायची, "छाया, जरा येतेस का?" मी म्हणायची, गिरणी चालू आहे.

पुष्कळदा ती रिकामीच चालू असायची. दाणा नाही, पीठ नाही. दळण संपल्यावर मी बटण बंद करत नसे.

२३ फेब्रुवारी, रविवार

संध्याकाळी सेटिंग्जच्या यादीत खालून दुसऱ्या-तिसऱ्या जागेवर 'युझर्स' असं दिसलं. दाबलं.

वर दोन गोल. एक ह्यांचा, त्यात ह्यांचा चष्म्यातला फोटो, खाली इंग्रजीत हरेश. दुसऱ्या गोलात फोटो नव्हता, एक मराठी अक्षर होतं. छ.

त्यावर दाबलं. नाव: छाया. भाषा: मराठी. पासवर्ड: पुढच्या वेळी आत येताना ठरवायचा. शेवटचं कधी आले: नेव्हर.

एवढं इंग्रजी मला येतं.

२४, सोमवार

आज काही नाही.

२५, मंगळवार

भगीरथला विचारलं. त्याने नीट समजावलं. एका मशीनवर दोन माणसांची वेगळी घरं असतात. ह्याचं त्याला दिसत नाही. काकांनी तुमच्यासाठी घर करून ठेवलं.

"आणि पासवर्ड?"

"तो त्यांनी ठेवलाच नाय. तुमी पहिल्यांदा जाल तेव्हा तुमीच ठरवायचा, अशी सोय करून ठेवलीय. त्यांना सुद्धा कळला नसता."

मग त्याने त्या घराची तारीख कुठे असते ते सांगितलं. फाइलींच्या कपाटात, होम नावाच्या फोल्डरमध्ये दोन फोल्डर आहेत. माझ्या नावाच्या फोल्डरवर उजवं बटण, मग प्रॉपर्टीज. अकरा जून, दोन हजार तेवीस, दुपारी बारा वाजून चार मिनिटं.

म्हणजे घरी बसल्यावर अकराव्या दिवशी. कॅलेंडर काढून पाहिलं, रविवार होता. रविवारी बारा वाजता मी गिरणीवर असते. त्या दिवशी हाक आली होती का? खूप आठवलं. काही आठवलं नाही. आलीही असेल.

दीड वर्ष हे त्या खोलीत बसले आणि एकदाही म्हणाले नाहीत, तुझ्यासाठी असं असं केलंय. न बोलणारा माणूस. कोणाला कसं कळणार?

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

गिरणी बंद. उपास. दुपारी आंघोळ करून, धुतलेलं पातळ नेसून मशीनपुढे बसले. वेडेपणा आहे, पण तसं केलं.

ह्यांच्या घरातून बाहेर पडलं की दोन्ही नावं दिसतात. मी माझ्यावर दाबलं. नवा पासवर्ड मागितला. पहिला दिला तो फार लहान. दुसरा फार सोपा. तिसरा घेतला. काय ठेवला ते इथे लिहीत नाही.

उघडलं. सगळं मराठीत. तारीख मराठीत, वार मराठीत, आकडे मराठीत. वाटलं, आत काहीतरी असेल. चिठ्ठी. फोटो. अडीच ओळी तरी.

दस्तऐवज उघडलं. रिकामं. चित्रं उघडली. रिकामी. संगीत. रिकामं. कचरापेटीसुद्धा पाहिली.

नंतर भगीरथने सांगितलं, तुमी आत गेल्याशिवाय तिथे कोणी काय ठेवणार? मला ते पटलं. तरी संध्याकाळपर्यंत एकेक उघडून बघत होते.

२ मार्च, रविवार

माझ्या नावाच्या घराबद्दल कुणालीला विचारलं. तिला माहीत होतं.

"बाबांनी मला विचारलं होतं, आईला शिकवू का म्हणून. तू गिरणीवर रेडिओ लावतेस तसं जुनी गाणी लावता येतील, मराठी पेपर वाचता येतील. मीच म्हटलं, जाऊ द्या बाबा. तिला नाही आवडणार. ती म्हणेल मला वेळ नाही."

"मला विचारायचं तरी."

"तुला? आई, तुला काय विचारायचं असलं तर कधी विचारायचं? तू कोणाला आत घेतेस?"

मी म्हटलं, मी काय केलं तुला? एकटीने वाढवलं तुला.

"तेच," म्हणाली आणि फोन ठेवला. तिने ठेवला. असं याआधी झालं नव्हतं.

६ मार्च, गुरुवार

चार दिवस फोन नाही. रागावली असेल. राहू दे. मीही रागावले आहे.

सकाळी ताराबाई तांदूळ घेऊन आल्या. शेजारच्या, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. म्हणाल्या, "पोरीकडं कदी जातंस गो? पाडवा आला."

"बघू."

"तुजं ना, समदं बघूच. पोर बोलावते तर जावा. माझी सून बोलावत पन नाय."

१० मार्च, सोमवार

आठ दिवस. अकरा वाजले की हात पदराला पुसून मी फोनकडे बघते, हे आज माझ्या लक्षात आलं.

मशीनमध्ये माहिती कुठे लपलेली असते ते आता जरा कळायला लागलंय. फोनमध्येही असेलच म्हणून शोधलं. कुणालीच्या नावावर दाबून धरलं, तर तिच्या सगळ्या फोनांची यादी आली. तारीख, वेळ, किती मिनिटं.

फेब्रुवारीत तिने सदतीस वेळा केलाय. एक मिनिट. दोन मिनिटं. चाळीस सेकंद. चौदा वेळा मी उचललेलाच नाही, ते लाल रंगात आहेत. एक पहाटे पाच चाळीसचा आहे, लाल. मी तेव्हा आंघोळीला असते. माझ्याकडून तिला गेलेला एकच, दोन मार्चचा.

महिन्यातून सदतीस वेळा कोणी चौकशीला फोन करत नाही. आणि पहाटे पाच चाळीसला तर नाहीच.

११ मार्च, मंगळवार

फोन केला. मला सवय नाही, त्यामुळे लागल्यावर काय म्हणायचं ते आठवेना.

"काय करतेस?"

"काही नाही. बोल ना."

"जावई आहेत?"

"नाही. पुण्याला."

"परत कधी येणार?"

ती म्हणाली, आज भाजी काय केलीस. मी म्हटलं, "कधी गेलेत?"

तेवढ्यात मागे मिक्सर सुरू झाला. "आई, चटणी वाटतेय, काही ऐकू येत नाही. नंतर करते हं."

ठेवला. मी फोन हातात धरून गिरणीच्या पायरीवर बसले. ताराबाई काहीतरी विचारत होत्या.

पंचवीस वर्षं मी दळतेय. भांड्यात काही असलं की यंत्राचा आवाज जड येतो, दाबून येतो. रिकामं फिरतं तेव्हा तो वर चढतो, एकसारखा, पातळ. त्या मिक्सरमध्ये चटणी नव्हती. काहीच नव्हतं.

१३ मार्च, गुरुवार. होळी

वाडीवर होळी पेटली. बोंबा ऐकू आल्या. मी गेले नाही.

कालपासून सगळं उलटं आठवत बसले आहे. "नुसता चालू ठेव फोन." "दुसरी खोली रिकामीच आहे, आई." "एकटं राहू नये कोणी." मला वाटायचं, माझ्याबद्दल बोलते आहे. ह्यांच्या दहाव्याला जावई दुपारी गेले तेव्हा ती दारापर्यंतसुद्धा गेली नाही. मी ते पाहिलं होतं. वाटलं, बापाच्या दुःखात आहे.

असं असेल, किंवा नसेलही. मी फार काही समजणारी बाई नाही, हे आता सिद्धच झालंय. पण फोनवर विचारलं तर ती पुन्हा मिक्सर लावील. मीच तर शिकवलं तिला.

१७ मार्च, सोमवार

भगीरथला फोन करून सांगितलं, मशीन बुधवारी ने.

"काकू, नक्की ना? तुमचं घर झालंय आता त्यात. मी सगळं पुसून नवीन टाकणार. काकांचं, तुमचं, दोन्ही जाईल."

"त्यात ठेवण्यासारखं माझं काही नाही."

"आणि काकांचं?"

ह्यांच्या घरात जाऊन शेवटचं पाहिलं. कुणालीचे लग्नातले फोटो आहेत, ते भगीरथच पेन ड्राइव्हवर काढून देणार. बाकी बातम्यांची कात्रणं, लाइटची बिलं. आणि भातसानगरच्या धरणाचे वीस-पंचवीस फोटो. एकटेच जायचे म्हणजे तिकडे. कधी गेले, मला ठाऊक नाही. फोटोंत माणूस एकही नाही, नुसतं पाणी.

मी थोडं रडले. थोडं रागावले पण. मला नेलं असतं तर मी गेले असते असं लिहिणार होते, पण ते खरं नाही.

१९ मार्च, बुधवार

भगीरथ टेम्पो घेऊन आला. मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत सगळं लिहून ठेवलं होतं: मेमरी चार, एक खाच रिकामी, प्रोसेसर आय थ्री, डिस्क पाचशे, ग्राफिक्सचं लांब नाव, आणि खाली, बाजू खोलायला दोन स्क्रू, मोठ्या तोंडाचा स्क्रूड्रायव्हर. तो डब्यावर चिकटपट्टीने लावला. म्हटलं, धसईच्या पोरींना माझ्यासारखं शोधत बसायला नको.

भगीरथने वाचलं. वाकून नमस्कार केला. मी त्याला थांबवलं नाही.

मागच्या खोलीत टेबलाचे चार पाय उमटलेली जमीन तेवढी राहिली. ती पुसून घेतली.

गिरणी ताराबाईंच्या मुलाकडे आठ दिवस दिली आहे. आठच दिवस, असं दोनदा सांगितलं. राहायला जाते आहे असं कोणी समजू नये. कुणालीला कळवलेलं नाही.

२१ मार्च, शुक्रवार. नाशिक

शहापूर स्टँडवर भगीरथने सोडलं. साडेनऊची गाडी. घाटात उलटी होईल म्हणून काही खाल्लं नव्हतं. झाली नाही.

दुपारी एक वाजता पोचले. तिची इमारत मला नीट आठवेना, वॉचमनने सांगितलं. दुसऱ्या मजल्यावर गेले, बेल दाबली. खूप वेळ कोणी आलं नाही. मग कुणालीने दार उघडलं. केस विंचरलेले नव्हते. मागच्या वेळेपेक्षा निम्मी झालीय. चपलांच्या फळीवर एकट्या तिच्याच चपला.

"आई? तू कशी... फोन तरी करायचास."

"केला असता तर तू बरी आहेस म्हणाली असतीस."

ती माझ्याकडे बघत उभी राहिली. हसायला गेली, ते जमलं नाही. मी दारातच विचारलं, "जावई कधी गेलेत?"

"दिवाळीला," म्हणाली. मग म्हणाली, "बाबा आजारी होते. मग बाबा गेले. मग तू... तुझी गिरणी चालू असायची."

समजूत कशी घालतात ते मी शिकलेच नाही. मी पिशवी खाली ठेवली, दार आतून लावून घेतलं आणि स्वयंपाकघरात जाऊन एक खुर्ची तिच्यासाठी ओढली, एक माझ्यासाठी.

"सांग," म्हटलं. "पहिल्यापासून सांग. मला कुठे जायचं नाही."

ती चार तास बोलली. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. मग दिवसाउजेडीच झोपली, माझ्या शेजारी जमिनीवर, माझ्या पिशवीवर डोकं ठेवून. मी हलले तर जागी होईल, म्हणून अंधार पडला तरी दिवा लावायला उठलेले नाही. अक्षर दिसत नाही, ओळी वाकड्या जात असतील.